उचललेली पंजी

माझं नाव सुखीबाई देवीलाल आडे. वय एकसष्ट. दारव्ह्यापासून अकरा किलोमीटरवर आमचा बंजाऱ्यांचा तांडा आहे, आणि तांड्यावर पहिला ट्रॅक्टर आमच्या घरी आला, एक्क्याण्णव साली. तो अजून आहे. सात वर्षांपासून तो मी चालवते. हे कुठंही सांगितलं, बाजारात, लग्नात, दवाखान्यात, की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माझ्या मुलाकडं पाहतो. हसण्याचं मला काही वाटत नाही. मुलाकडं पाहतात ते झोंबतं.

ट्रॅक्टर मी हौसेनं शिकले नाही. माझ्या नवऱ्याचा, देवीलालचा, डावा हात आणि पाय लकव्यानं गेला तेव्हा पेरणी तोंडावर होती, आणि रोजाचा ड्रायव्हर दोन दिवस येऊन पळाला होता. देवीलालनं बाज अंगणात आणायला लावली आणि बाजेवरून मला गिअर शिकवले. जीभ जड झाली होती, शिव्या मात्र स्पष्ट यायच्या. तो गेला त्या वर्षी मी एकटीनं तीस एकर पंजी मारली. पंजी म्हणजे ट्रॅक्टरमागे लावायचं नऊ लोखंडी फणांचं अवजार, जमीन मोकळी करणारं. तिच्या फणांनी वावरात रेघा पडतात, त्यांना तास म्हणतात. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधाशी, आलं की लिफ्टनं ती उचलायची, ट्रॅक्टर वळवायचा, पुन्हा खाली सोडायची. लिफ्ट चालली नाही तर ट्रॅक्टर नुसता धूर सोडायच्या कामाचा राहतो.

माझा मुलगा बबलू तेव्हा यवतमाळला मोबाइलच्या दुकानात होता. दुकान बंद पडलं तसा बायकोला घेऊन घरी आला. वाईट नाही तो. पण आमच्या तांड्याचा नाईक गुलाबसिंग, त्याचा मान मोठा आणि तोंड त्याहून मोठं. पारावर बसून चारचौघांत बबलूला विचारायचा की घरी माय ट्रॅक्टर चालवते, मग तू काय चालवतोस, मोबाइल? लोक हसायचे. बबलू घरी येऊन जेवायचा नाही आणि राग माझ्यावर काढायचा. तुझं वय झालं, पडशील, हाडं मोडतील, लोक मला नावं ठेवतात. यातलं शेवटचं तेवढं खरं असायचं.

यंदा जूनपासून लिफ्ट रुसायला लागली. सकाळी नीट उचलायची. अर्धा-पाऊण तास काम झालं की सुस्त व्हायची, पंप कण्हायला लागायचा, आणि लिव्हर ओढून धरला तरी पंजी जमिनीतच. ट्रॅक्टर बंद केला, चहा पिऊन आलं, की पुन्हा नव्यासारखी उचलायची. थोड्या वेळानं परत तेच.

मला कारण शोधावं लागलं नाही. माणूस तयारच होता. मागच्या दसऱ्याच्या आधी दारव्ह्याच्या रहमतभाई मिस्त्रीनं आमची लिफ्ट खोलून आतल्या पिस्टनच्या रिंगा नव्या टाकल्या होत्या. ज्यानं शेवटचा हात लावला, बिघाड त्याचा. एवढा सोपा हिशोब करून मी जूनमध्ये भर बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानासमोर उभी राहिले. गिऱ्हाइकं होती, जीपवाले होते, कापडाचे ठेले लागले होते. सगळ्यांच्या देखत मी त्याला विचारलं की नव्या सांगून कोणाच्या जुन्या रिंगा माझ्या लिफ्टमध्ये घातल्या. देवीलालच्या दोस्तीची अशी वसुली करतोस का, हेही विचारलं. चाळीस वर्षांत त्याला असं कोणी बोललं नव्हतं म्हणतात. मला ते तेव्हा माहीत असतं तरी मी बोललेच असते.

रहमतभाई डिझेलमध्ये हात धूत होता. हात धुऊन झाले तेव्हा बोलला. "भाबी, पंजी उचला अन् गाडी बंद करा. रिंग खराब असंन तं पंजी हळूहळू खाली बसते. नाई बसली, तं रोग दुसरीकडे हाय."

मी म्हटलं, मी शिकायला आली नाही. त्यावर तो म्हणाला, "मंग तुमच्या तांड्यावर मी आता येत नाई." आणि आत गेला.

घरी येऊन त्यानं सांगितलेली परीक्षा मला करता आली असती. किल्ली फिरवायची आणि पाहत बसायचं, एवढंच काम. पण त्यानं सांगितलं म्हणून मी केली नाही. जून ते कार्तिक असे पाच महिने मी चहा पीत पीत काम भागवलं. इतका चहा मी आयुष्यात प्यायले नव्हते.

कार्तिकात मात्र चहानं भागेना. सोयाबीन निघालं होतं, हरभरा पेरायचा होता आणि जमिनीतली ओल रोज थोडी थोडी उडत होती. अकरा घरांना मी त्यांची वावरं करून द्यायचा शब्द दिला होता. आणि पंजी जमिनीत रुतून बसली ती नेमकी गुलाबसिंगच्या वावरात, तो स्वतः धुऱ्यावर उभा असताना. मी लिव्हर ओढत होते, पंप कण्हत होता, आणि गुलाबसिंग फोन लावून बबलूला बोलावत होता.

बबलू आला. त्यानं आधी मोबाइलवर लिफ्टचा व्हिडिओ काढला आणि यवतमाळच्या कुठल्याशा मिस्त्रीला पाठवला. दहा मिनिटांत तिकडून निकाल आला की पंप गेला, रिंगा गेल्या, या मॉडेलचं सामान मिळत नाही, भंगारात काढा. फोनवरून नाडी पाहणारा तो वैद्य मला अजून भेटायचा आहे. बबलूनं मात्र पुढचं आधीच ठरवून ठेवलेलं दिसलं. उमरखेडकडचा एक माणूस जुने ट्रॅक्टर घेतो, तो बाजाराच्या दिवशी येणार होता. म्हणजे तीन दिवसांनी.

घरात आम्ही गोरबोली बोलतो. इथं मी मराठीत सांगते आहे, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही आणि मला दोनदा सांगायचा कंटाळा आहे. बबलू म्हणाला, "याडी, आता पुरे." आमच्यात आईला याडी म्हणतात. एरवी तो याडी म्हणाला की मी विरघळते. पण गुलाबसिंग गालात हसत होता, आणि मी ठरवलं की आज विरघळायचं नाही.

"बाजाराच्या दिवशी सकाळी लिफ्ट चालली," मी म्हटलं, "तं ट्रॅक्टर घरी राहीन अन् चालवीन मीच. मरेपर्यंत. नाई चालली तं घेऊन जा. मी दारात येऊन पाहणार बी नाई."

बबलू लगेच हो म्हणाला. नाईकासमोर दिलेला शब्द आमच्याकडं मागे घेता येत नाही. त्यामुळे आता काय घडणार ते सगळ्या तांड्याला माहीत होतं. तीन दिवसांत एकतर लिफ्ट उचलणार होती, नाहीतर मी त्या सीटवरून कायमची उतरणार होते.

माझा बेत पक्का होता. लिफ्ट खोलायची, रहमतभाईच्या रिंगा काढायच्या, दोऱ्यात ओवायच्या आणि बाजारात त्याच्या दुकानावर तोरणासारख्या टांगायच्या. मग दुसऱ्या कुणाकडून नव्या आणून घालायच्या. लिफ्ट खोलायची तर आधी त्यातलं सगळं तेल काढावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बबलू वावरात गेल्यावर मी आणि माझी सून अंजू अंगणात पिपे लावून बसलो. नव्या तेलाचे डबे अंजूनं जीपमधून आदल्या दिवशीच आणले होते. ती बोलते कमी, पण पाना कुठल्या नंबरचा हवा ते एकदा पाहून ओळखते. बबलूचं ज्या गोष्टीत नशीब चांगलं निघालं ती ही एकच.

तेल धारेनं पडत होतं. काळं होतं पण भरपूर होतं. ते भरपूर आहे हे मला आधीच ठाऊक होतं, कारण मी रोज मोजत होते. तेल मोजायची लोखंडी पट्टी लिफ्टच्या दुरुस्तीनंतर, यंदाच्या माघात, तुरीच्या गंजीत कुठंतरी हरवली. रहमतभाई म्हणाला होता यवतमाळहून आणून देतो. मी म्हटलं राहू दे. भिंतीला पऱ्हाट्या रचलेल्याच असतात. कापूस वेचून झाला की उरलेली वाळकी झाडं, आमच्याकडं चुलीला तीच लागतात. त्यातली एक सरळ काडी निवडली, चाकूनं खाच पाडली, झाली पट्टी. झिजली की दुसरी. तांड्यावर इतर ट्रॅक्टरवाले हसले तेव्हा मी त्यांना ती काडी तेलात बुडवून दाखवली होती. तुमच्या लोखंडापेक्षा माझी काडी खरं बोलते, असं म्हटलं होतं.

तर तेल भरलेलं. मग पंप कण्हतो कशाला? पोट भरलेला माणूस भूक लागली म्हणून ओरडत नाही. देवीलाल सांगायचा की तेल पंपाकडं जातं त्या नळीच्या तोंडाशी एक जाळी असते, वर्षाला धुवावी लागते. ती मागच्या वर्षी रहमतभाईनं धुतली होती, निदान तसं त्यानं सांगितलं होतं. मला वाटलं, खोटंच सांगितलं असेल. तेही उघड करून टाकू. बाजूच्या झाकणाचे चार बोल्ट मी खोलले आणि जाळी बाहेर ओढली.

जाळी दिसतच नव्हती. फणीत केस गुंतावेत तसं तिच्यावर तपकिरी काहीतरी गच्च गुंडाळलेलं होतं. अंजूनं एक धागा ओढला. चांगला हातभर निघाला, तुटेना. माझा जीव हरखला. मी म्हटलं, चिंधी आहे, पुसायची चिंधी मेला आत विसरला. रिंगांपेक्षा हा मोठा पुरावा होता. ही चिंधी बाजारात कशी फडकवायची याचा विचारसुद्धा मी करून टाकला.

अंजूनं तो गुंता डिझेलमध्ये खळबळून धुतला आणि बोटांनी सोडवला. पट्ट्या होत्या. एका बाजूनं तपकिरी, दुसऱ्या बाजूनं पांढरट, आणि मधे मधे बारीक गाठी, फांदी फुटते तिथं असतात तशा. ती पट्टी तिनं माझ्या हातावर ठेवली.

"याडी," ती म्हणाली, "हे तं पऱ्हाटीचं साल हाय."

ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या डब्यात माझी काडी होती, ती काढून पाहिली. वरचा अर्धा भाग सालीचा, खालचा अर्धा उघडा, गुळगुळीत. गरम तेलात साल भिजायची आणि काडी बाहेर ओढताना भोकाच्या काठावर खरवडून आत पडायची. रोज थोडी. यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही पोराला विचारा, पऱ्हाटीची साल कशी सोलते ते. लहानपणी तिच्या दोऱ्या वळून आम्ही बाहुल्या बांधल्या आहेत. आणि मी माघापासून ती लिफ्टला खाऊ घालत होते.

मग सगळं उलगडलं. ट्रॅक्टर चालू असला की पंप तेल ओढायचा, तेलाबरोबर साल येऊन जाळीला चिकटायची आणि पंप उपाशी राहायचा. बंद केला की ओढ थांबायची, साल सैल पडून तेलाला वाट मिळायची. म्हणून चहा प्यायल्यावर लिफ्ट बरी व्हायची. रोग डोळ्यांसमोर होता आणि मी पाच महिने कपबशी धरून बसले होते.

मला लाज वाटली. साधीसुधी नाही, कानापर्यंत तापणारी. मला लाज वाटली की आधी राग येतो, तसा आलाच. देवीलालवर आला, पट्टी गिळणाऱ्या तुरीच्या गंजीवर आला, रहमतभाईवरही आला की त्यानं पट्टी आणायचा हट्ट का नाही धरला. सगळ्यांवर येऊन गेल्यावर माझ्यापाशी येऊन थांबला.

अंजूनं साल गोळा केली. "चुलीत टाकते," ती म्हणाली. "जाळी जाम झालती, साफ केली, एवढंच सांगा. कोणाले काय समजते?" ती लबाड नाही. तिला कळत होतं की हे बबलूला कळलं तर तो काय म्हणेल. लिफ्ट सुधारूनही मी शर्त हरेन, याची तिला भीती होती. खरं सांगते, मी हो म्हणाले.

जाळी धुऊन बसवली, नवं तेल भरलं, ट्रॅक्टर चालू केला. लिव्हर ओढला आणि पंजी एका दमात वर गेली. पंपाचा आवाज नाही की काही नाही. मी तासभर वर-खाली करत राहिले. अंजू हसत होती. मग मी पंजी पूर्ण वर घेतली आणि किल्ली फिरवून ट्रॅक्टर बंद केला. रहमतभाईनं सांगितलं होतं ते पाच महिन्यांनी केलं. फणांच्या उंचीला भिंतीवर कोळशानं रेघ मारली आणि समोर बाजेवर बसले.

दुपार झाली. पंजी रेघेवर. अंजूनं भाकरी आणून दिली, मी तिथंच खाल्ली. उन्हं भिंतीवरून उतरली. पंजी रेघेवरच. मी मनातल्या मनात तिला म्हणत होते की बस, जराशी बस, एक बोटभर तरी बस. ती बसली असती तर रहमतभाईच्या रिंगा थोड्या तरी खराब ठरल्या असत्या आणि मला बाजारात केलेल्या तमाशातलं थोडंसं स्वतःसाठी राखता आलं असतं. दिवेलागणीला उठून जवळ गेले. रेघ आणि फण यांत नखाएवढाही फरक नव्हता. त्या माणसानं काम चोख केलं होतं आणि मी त्याला भर बाजारात चोर म्हटलं होतं.

चुलीशी जाऊन अंजूला विचारलं, जाळलं का? तिनं जाळलं नव्हतं. ओलं होतं म्हणून कडेला वाळत ठेवलं होतं. मी ते फडक्यात बांधून घेतलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी उमरखेडचा माणूस आला. त्यानं टायर दाबून पाहिले, बॉनेटवर थाप मारली. गुलाबसिंग साक्षीला आला, त्याच्यामागे अर्धा तांडा आला. मी ट्रॅक्टर घराशेजारच्या वावरात घातला आणि तासभर पंजी मारली. प्रत्येक धुऱ्यावर उचलली, वळवली, सोडली. एकदाही थांबले नाही. उमरखेडच्या माणसानं चहा घेतला आणि जीपमध्ये बसून गेला. गुलाबसिंगला म्हणावंच लागलं की चालली. ते म्हणताना त्याचा चेहरा कडू काकडी खाल्ल्यासारखा झाला होता.

इथंच गप्प बसले असते तर सगळं माझ्या मनासारखं झालं असतं. पण बबलूनं विचारलं की काय झालं होतं. मी सीटवरून न उतरता फडकं सोडलं आणि साल बॉनेटवर ठेवली. काय झालं ते सगळं सांगितलं. काडी, खाच, जाळी, काही गाळलं नाही.

बबलूनं साल उचलून बोटांनी चोळून पाहिली. मग म्हणाला, "म्हणजे तूच बिघडवली. अन् रहमतचाचाले बाजारात चोर ठरवून आली."

"व्हय."

"मंग आता तरी उतर ना याडी. शोभते का हे?"

"शर्त लिफ्टची होती, माया चुकीची नाई," मी म्हटलं. "चूक मी केली, शोधली मी, अन् सांगतली बी मीच. तुमच्यातल्या कोणी पकडली काय? पुढं चूक झाली तं थे बी मीच सांगीन. ह्याच सीटवर बसून."

मी साल पुन्हा फडक्यात बांधली, पंजी उचलली आणि ट्रॅक्टर रस्त्याला काढला. बबलू मागून ओरडला, कुठं चालली? मी सांगितलं की बाजारात बोलले होते, ते बाजारातच परत घ्यायला पाहिजे.

अकरा किलोमीटर मी पंजी वर घेऊन गेले. दारव्ह्यात शिरले तेव्हा बाजार भरात होता. लोक बाजूला होत होते आणि वळून वळून पाहत होते. रहमतभाईच्या दुकानासमोर, जूनमध्ये जिथं उभी राहिले होते तिथंच, ट्रॅक्टर लावला. मागे कुणी येऊ नये म्हणून मिरचीवाल्या बाईकडून दोन रिकाम्या टोपल्या घेऊन पंजीच्या दोन बाजूंना ठेवल्या. मग किल्ली फिरवली.

रहमतभाई स्टुलावर बसला होता. त्याचा मुलगा तारिक कुणाच्यातरी ट्रॅक्टरखाली झोपून काम करत होता, तो बाहेर आला. रहमतभाईनं मान वर केली नाही. मी त्याच्याकडं गेले नाही. हात जोडून हळू आवाजात माफी मागायला मी बोलले कुठं हळू आवाजात होते? ट्रॅक्टरला टेकून उभी राहिले आणि जूनमध्ये होता तेवढ्याच आवाजात बोलले.

"जून महिन्यात मी इथं म्हटलं व्हतं का रहमतभाईनं माया लिफ्टमंधी जुन्या रिंगा टाकल्या. थे खोटं व्हतं. माया हातानं मीच साल घातली लिफ्टमंधी, हे पाहा. गाडी बंद हाय अन् पंजी वर हाय. संध्याकाळपर्यंत वरच राहीन. रिंग खराब असती तं बसली असती. ज्याले पाह्यचं त्यानं पाहून घ्या."

लोक जमले. साल या हातातून त्या हातात फिरली. एक जण हसला, दुसऱ्यानं विचारलं की पऱ्हाटीची काडी कशाला घातली बाई, आणि मी प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. जीपवाले जागेसाठी भांडायला आले. मी हलले नाही. एक जण म्हणाला, निदान पंजी तरी खाली कर, रस्ता अडतो. त्याला म्हटलं, खाली करायची असती तर घरीच केली असती.

दुपारी रहमतभाई उठला. जवळ आला, माझ्याकडं न पाहता खाली वाकला आणि शेवटच्या फणापासून रस्त्यापर्यंत वितीनं अंतर मोजलं. दोन विती चार बोटं. परत जाऊन बसला. उन्हं कलल्यावर पुन्हा आला, पुन्हा मोजलं. दोन विती चार बोटं. या वेळी तो उभा राहिला. म्हातारा झाला होता, सरळ व्हायला त्याला वेळ लागला.

"भाबी," तो म्हणाला, "तांड्यावर येत नाई म्हटलं व्हतं. थे म्हटलं तं म्हटलं. मी येणार नाई."

मी म्हटलं, बरोबर आहे.

"तुम्ही इथं आणत जा," तो म्हणाला आणि तारिकला चहा सांगितला. मला पाच महिन्यांत चहाचा वीट आला होता, तरी तो मी घेतला. तेल मोजायची लोखंडी पट्टी तारिकनं जुन्या सामानातून शोधून दिली. त्यांच्यात आणि माझ्यात एवढंच बोलणं झालं. माझे डोळे भरून आले, ते मी मिरचीच्या टोपल्यांवर ढकललं.

बाजार उठायला लागला तेव्हा बबलू दिसला. जीपनं आला असावा. कापडाच्या ठेल्याआड उभा राहून कधीपासून पाहत होता कोण जाणे. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला की उतर, मी घेऊन जातो, तू दमलीस. दमले होतेच. पण मी सीटवर चढले, ट्रॅक्टर चालू केला आणि त्याला सांगितलं की मडगार्डवर जागा आहे, येतोस तर बस.

त्यानं बाजाराकडं पाहिलं. तांड्यावरची पाच-सात माणसं जीपची वाट पाहत उभी होती, सगळ्यांचं लक्ष आमच्याकडं. मला वाटलं हा आता पाय आपटत जीपमध्ये जाऊन बसेल, आणि मग घरात महिनाभर अबोला. तो चढला. माझ्या शेजारी मडगार्डवर बसला, लहानपणी देवीलालच्या शेजारी बसायचा तसा.

निघताना घाटंजीकडचा एक अनोळखी जीपवाला आडवा आला. हसून बबलूला म्हणाला, "काहून भाऊ, एवढा जवान माणूस मडगार्डवर, अन् माय चालवून राह्यली?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. बबलूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वावरात माये तास वाकडे जातात," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तिचे सरळ जातात. मंग मी कायले चालवू?"

जीपवाला बाजूला झाला. मी गिअर टाकला. गुलाबसिंगचं अर्धं वावर अजून राहिलं होतं, सकाळी लवकर जायचं होतं.